तुमचे प्रश्न : जॉर्ज मार्टिन नक्की करायचा तरी काय?

मागच्या अंकात बीटल्स या इंग्लिश रॉक ग्रुपबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना त्यांचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन याचं नाव ओझरतं आलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. मला मनापासून आनंद झाला, कारण रेकॉर्डच्या मागे उभ्या असलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही, गायक कोण, फार तर संगीतकार कोण, एवढ्यावर आपण थांबतो. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, गाणी लिहिली लेनन-मॅकार्टनीनी, चाली त्यांच्याच, गायलं आणि वाजवलं पण त्यांनीच, बटणं दाबायला इंजिनियर वेगळा. मग या मार्टिनला काम काय उरलं? आपल्या सिनेमात निर्माता निदान पैसे तरी घालतो, इथे पैसेही कंपनीचे! (एक वाचक, नाशिक)

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर व्याख्येने मिळणार नाही, एकेक गाणं घेऊनच सांगते.

१९६२ मध्ये बीटल्समधल्या जॉन लेननने 'प्लीज प्लीज मी' हे गाणं आणलं तेव्हा ते संथ होतं, रडवं म्हणा ना. मार्टिनला ते कंटाळवाणं वाटलं, त्याने सांगितलं की लय चांगली वाढवून बघा. पोरं ते करून परत आली, नोव्हेंबरमध्ये रेकॉर्डिंग झालं आणि टेक (म्हणजे गाण्याचं एका वेळचं रेकॉर्डिंग) संपल्या संपल्या मार्टिन काचेपलीकडून त्यांना म्हणाला की हे तुमचं पहिलं नंबर वन. चाल लेननचीच, शब्द लेननचेच, पण त्या गाण्याची खरी लय कुठली हे बाहेर बसलेल्या माणसाला आधी कळलं.

मग ११ फेब्रुवारी १९६३. एका दिवसात, सकाळपासून रात्रीपर्यंत, १० गाणी रेकॉर्ड करून अल्बम पुरा करायचा होता. त्यांचा स्टेजवरचा कार्यक्रम लिव्हरपूलला जाऊन बघून आलेला असल्यामुळे मार्टिनने ठरवलं की स्टुडिओत पण हे तस्संच वाजवू दे, उगाच सजावट नको. लेननला त्या दिवशी सर्दी होती, घसा बसत चाललेला, आणि 'ट्विस्ट अँड शाउट' हे ओरडून गायचं गाणं बाकी होतं. ते मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते गायल्यावर आवाज उरणारच नाही हे उघड होतं. आज ते गाणं ऐका, घसा फाटतोय हे ऐकू येतं आणि तीच त्या रेकॉर्डची जान आहे. कुठलं गाणं कधी घ्यायचं हा निर्णयसुद्धा संगीतच असतं हो.

आणि १९६५ चं 'यस्टरडे'. बीटल्समधलाच पॉल मॅकार्टनी एकटा गिटार घेऊन गायला, झकास झालं, बाकीच्या तिघांना त्यात करण्यासारखं काही नव्हतं. मार्टिनने सुचवलं की यामागे तंतुवाद्यं घेऊया. मॅकार्टनी घाबरला, त्याला वाटलं आता ते हॉटेलात वाजतं तसलं गुळगुळीत व्हायोलिनचं प्रकरण होणार. मग मार्टिन म्हणाला की मोठा ऑर्केस्ट्रा नको, चारच वादक, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. दोघं पियानोवर बसले, काही जागा मॅकार्टनीने सुचवल्या, मार्टिनने त्या स्वरलिपीत उतरवल्या, वादकांनी सूर फार हलवायचा नाही अशी मॅकार्टनीची अट होती ती सांभाळली. मॅकार्टनीला नोटेशन येत नव्हतं. त्याच्या डोक्यात जे होतं ते चार अनोळखी वादकांच्या बोटांपर्यंत पोचवणारा माणूस मध्ये नसता तर हे गाणं गिटारवरच राहिलं असतं, चांगलंच राहिलं असतं, पण आपण आज ऐकतो ते नसतं.

तर हे काम. दुसऱ्याच्या डोक्यातलं ओळखायचं, ते टेपवर कसं आणायचं याचा मार्ग काढायचा, आणि कुठे गप्प बसायचं हेही ठरवायचं.

प्रश्न : मार्टिन आधी विनोदी रेकॉर्ड काढायचा असं वाचलं. मग रॉक ग्रुपचा प्रोड्यूसर कसा झाला? दोन्हीचा काही संबंध? (एक वाचक, कोल्हापूर)

संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे, माझ्या मते या माणसाची सगळी कारकीर्द समजून घ्यायची किल्ली इथेच आहे.

मूळचा तो पाश्चात्य शास्त्रीय संगीतातला. जन्म लंडनमध्ये, १९२६ चा, वडील सुतार. पियानो बराचसा आपला आपणच शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या विमानदलात होता, १९४७ मध्ये सुटला आणि २१ व्या वर्षी गिल्डहॉल या लंडनच्या संगीत विद्यालयात दाखल झाला, तिथे पियानोबरोबर ओबो शिकला (ओबो म्हणजे फुंकून वाजवायचं, आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य). १९५० च्या अखेरीस ईएमआय कंपनीत पार्लोफोन नावाच्या लेबलवर असिस्टंट म्हणून लागला आणि १९५५ मध्ये, वय वर्षं २९, त्याच लेबलचा प्रमुख झाला.

आता पार्लोफोन म्हणजे त्या घरातलं धाकटं, कुणी विचारत नसलेलं पोर. मोठे गायक सगळे कंपनीच्या दुसऱ्या लेबलांवर, एचएमव्ही त्यातलंच, आपल्या ओळखीचं कुत्र्याचं चित्र असलेलं. मार्टिनच्या वाट्याला स्टार नव्हते, मग त्याने जिथे बाकीचे बघत नव्हते तिथे बघितलं, म्हणजे विनोद. पीटर सेलर्स, स्पाइक मिलिगन यांच्यासारखे विनोदी नट, रंगमंचावरचे विनोदी कार्यक्रम, हे सगळं तो रेकॉर्डवर आणायला लागला. १९६० मध्ये सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांचं एक गाणं त्याने काढलं, त्यात सेलर्स भारतीय डॉक्टरच्या आवाजात बोलतो, इंग्लंडमध्ये ते तुफान चाललं. मला ते आज ऐकवत नाही, आपल्या बोलण्याची ती नक्कल खटकतेच, पण रेकॉर्डिंग म्हणून ते बांधलंय मात्र पक्कं.

का, ते सांगते. विनोदी रेकॉर्डला चित्र नसतं. दार उघडलं, पाऊल वाजलं, ट्रेन गेली, सगळं आवाजातून उभं करायचं, तेही सेकंदाच्या हिशोबात, नाहीतर हशा येत नाही. म्हणून टेप कापायची, जोडायची, वेग बदलायचा, दोन आवाज एकावर एक चढवायचे, हे सगळं तो बीटल्स भेटायच्या कितीतरी आधी शिकून बसला होता. एक किस्सा तर फार आवडतो मला. सेलर्स-मिलिगनच्या टोळीने 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या सिनेमाचं विडंबन रेकॉर्ड केलं, सगळं तयार झालं आणि सिनेमावाल्यांकडून दम आला की हे नाव वापरलंत तर कोर्टात खेचू. मार्टिनने काय करावं? टेपवर जिथे जिथे 'क्वाय' होतं तिथला तिथला 'क' कापून काढायला लावला, उरलं 'वाय', आणि त्या नावाची नदी इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर खरोखर आहे! १९६२ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली. ब्लेड घेऊन टेपवरचा एक व्यंजन उडवणारी ही मंडळी, त्यांना पुढे लेननने दोन टेक जोडा म्हणून सांगितलं तर ती कशाला बिचकतील.

त्याच वर्षी बीबीसीच्या इलेक्ट्रॉनिक आवाजांच्या विभागाबरोबर त्याने 'टाइम बीट' नावाची रेकॉर्ड काढली, स्वतःचं नाव न लावता 'रे कॅथोड' या टोपणनावाने. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधीची गोष्ट आहे ही. आणि हो, लेनन तर सेलर्सच्या विनोदी रेडिओ कार्यक्रमाचा लहानपणापासूनचा चाहता, त्यामुळे हा सुटाबुटातला, चोख इंग्रजी बोलणारा माणूस त्यांच्या आवडत्या नटांचा प्रोड्यूसर आहे म्हटल्यावर त्या पोरांचा त्याच्याकडे बघायचा डोळाच बदलला. डेक्का कंपनीने त्यांना नाकारलं होतं, बाकीच्यांनी पण, आणि ज्याने घेतलं तो विनोदी रेकॉर्डवाला.

प्रश्न : मॅम, मी साउंड इंजिनियरिंग शिकतोय. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' मध्ये दोन वेगळे टेक जोडलेत असं सर म्हणाले. टेम्पो आणि स्केल दोन्ही वेगळं असताना टेपवर ते कसं जमलं? आम्ही लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये करतो. (एक विद्यार्थी, पुणे)

मस्त प्रश्न. १९६६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरची गोष्ट. एक टेक होता हळू, स्वप्नाळू, ग्रुपने वाजवलेला. तो झाल्यावर लेननला वाटलं अजून काहीतरी जड, दणकट हवं, म्हणून मार्टिनने ३ चेलो आणि ४ ट्रम्पेटसाठी स्कोअर (म्हणजे कोणी काय वाजवायचं त्याची स्वरलिपी) लिहिला आणि दुसरी आवृत्ती झाली, जास्त जलद आणि वरच्या पट्टीत. लेननने दोन्ही ऐकल्या आणि म्हणाला की पहिलीची सुरुवात आवडते, दुसरीचा शेवट आवडतो, जोडून टाका. मार्टिनने सांगितलं, अरे पट्टी वेगळी, लय वेगळी. लेननचं उत्तर साधारण असं की ते तुम्ही बघाल. आणि गेला!

आता टेपचा गुण (किंवा अवगुण) असा की वेग वाढवला की लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढतात, कमी केला की दोन्ही एकदम उतरतात, तुमच्या लॅपटॉपसारखं एकाला सोडून दुसरं हलवता येत नाही. पण इथे नशीब बघा, जलद असलेला टेकच वरच्या पट्टीत होता. म्हणजे त्याला खाली ओढलं आणि हळूवाल्याला किंचित वर ढकललं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी जवळ येणार. मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमरिक बसले, मशीनचा वेग थोडा थोडा हलवत गेले, जुळलं, आणि टेप तिरकी कापून जोडली. गाणं सुरू होऊन साधारण एक मिनिट झालं की तो सांधा येतो, चेलो आत शिरतात तिथे. हेडफोन लावून ऐक, लेननच्या आवाजाचा पोत बदलतो, जरा जड, झोपेतल्यासारखा होतो, कारण तो आवाज खाली ओढलेला आहे. ती गुंगी आहे ना, जिच्यावर लोक पानंच्या पानं लिहितात, तिच्यात त्या वेगबदलाचा वाटा आहे.

अजून एक ऐक, 'इन माय लाइफ' या गाण्यातला मधला तुकडा, हार्पसिकॉर्डसारखा (पियानोच्या आधीचं, टोकदार आवाजाचं वाद्य) वाटतो तो. तो खुद्द मार्टिनने पियानोवर वाजवलाय. पूर्ण वेगात त्याला तो साफ जमेना, मग टेप अर्ध्या वेगाने चालवली, तुकडा एक सप्तक खाली, निम्म्या लयीत वाजवला आणि नेहमीच्या वेगाला परत वाजवून बघितला. सूर जागेवर आला, पण पियानोचा ठोका आखूड आणि टोकदार झाला. अडचणीतून वाद्यच नवीन निघालं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत करून बघता येईल, जरूर बघ, पण वाजवताना हाताने अर्ध्या लयीतच वाजव, एडिट करू नकोस, मग कळेल काय होतं ते.

आणि हे सगळं चार ट्रॅकच्या मशीनवर चाललेलं. चार भरले की ते दुसऱ्या मशीनवर एकत्र करून एक-दोन ट्रॅकमध्ये बसवायचे आणि मग पुढचे भरायचे. एकदा एकत्र केलं की परत सुटं करता येत नाही. म्हणजे ड्रम किती मोठा ठेवायचा हे गाणं अर्धं पण झालेलं नसताना ठरवावं लागायचं, पुढे काय येणार आहे ते सगळं डोक्यात ऐकून. हे कौशल्य मात्र क्लिकमध्ये येत नाही.

प्रश्न : आमच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. बीटल्सच्या भारतीय वाद्यांच्या गाण्यांत या इंग्रज माणसाला काय कळत असणार? तो नुसता बसून असेल ना? (एक वाचक, मिरज)

काका, तुमची शंका बरोबर जागी आहे, पण तो नुसता बसून नव्हता. आधी आपल्या माणसाचं नाव घेते. १९६६ मध्ये 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजवला अनिल भागवत यांनी, आणि त्यांचं नाव अल्बमच्या कव्हरवर छापलं गेलं. त्या काळात बाहेरून आलेल्या वादकाचं नाव बीटल्सच्या कव्हरवर छापणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता मार्टिनचं काम बघायचं तर १९६७ चं, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू'. त्यात लंडनमधले भारतीय वादक आहेत, दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आहे, तबला आहे, तंबोरा आहे, स्वरमंडल आहे. हॅरिसनला त्याच्यावर पाश्चात्य व्हायोलिन पण हवी होती. अडचण तुम्हाला लगेच कळेल : दिलरुबावाला एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातो, मधल्या जागेतच सगळी गंमत, आणि लंडनच्या ऑर्केस्ट्रातला व्हायोलिनवाला कागदावर लिहिलेल्या सुरावर नेमका पाय ठेवतो, पुढच्यावर नेमका पाय ठेवतो, मध्ये काही नाही. दोघं एकत्र वाजले तर एक लोंबतोय आणि एक ठोकतोय असं वाटणार. मार्टिनने ८ व्हायोलिन आणि ३ चेलोंसाठी असा स्कोअर लिहिला की दिलरुबाची वळणं त्या वादकांना कागदावर दिसावीत, कुठून कुठे घसरायचं ते. हॅरिसन बाजूला उभा राहून समजावत होता. वादक मुरलेले होते तरी त्यांना घाम फुटला. मधल्या भागात दिलरुबा आणि व्हायोलिन यांचे सवाल-जवाब होतात तिथे जरा लक्ष देऊन ऐका, मींड सगळी उतरलीय असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी ती सरळ रेषेसारखी लागते, पण ज्याने लिहिलं त्याने दिलरुबा नीट ऐकली होती एवढं तुम्हाला नक्की पटेल.

मुंबईचा धागा पण आहे. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता, तिथे 'द इनर लाइट' या गाण्याचं वादन रेकॉर्ड झालं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. त्यावर आवाज मग लंडनला चढवला. त्या मुंबईच्या रेकॉर्डिंगला मार्टिन नव्हता.

प्रश्न : एवढं सगळं केलं तर करोडपती झाला असेल! किती मिळाले त्याला? (एक वाचक, ठाणे)

ऐकून वाईट वाटेल. १९६३ मध्ये इंग्लंडच्या नंबर वनवर ३७ आठवडे त्याने प्रोड्यूस केलेल्या रेकॉर्ड होत्या, बीटल्स, गेरी अँड द पेसमेकर्स, बिली जे. क्रेमर, सगळं धरून. आणि हा माणूस पगारी नोकर, वर्षाला साधारण ३,००० पाउंड, रेकॉर्डमागे रॉयल्टी शून्य. त्याने कंपनीशी बरीच घासाघीस केली, काही हाती लागलं नाही, तेव्हा १९६५ मध्ये नोकरी सोडून तीन सहकाऱ्यांना घेऊन स्वतःची कंपनी काढली, नाव एअर. मग बीटल्सचं काम त्याच ईएमआयसाठी बाहेरचा माणूस म्हणून करू लागला आणि हिस्सा मिळू लागला. मला हे पाऊल त्याच्या कुठल्याही स्कोअरइतकंच मोठं वाटतं. तोपर्यंत प्रोड्यूसर म्हणजे कंपनीचा कर्मचारी, एवढंच. तो स्वतंत्र कलावंत असू शकतो, त्याचा हिस्सा असू शकतो, हे रूढ होण्यात या माणसाचा मोठा हात आहे.

प्रश्न : पाचवा बीटल कोण, मार्टिन की मॅनेजर एपस्टाईन? मित्रांत पैज लागलीय. (एक वाचक, जळगाव)

२०१६ मध्ये मार्टिन गेल्यावर मॅकार्टनीने लिहिलं की पाचवा बीटल हा किताब कुणी कमावला असेल तर तो जॉर्ज मार्टिनने. पैज त्यावर मिटवा.

प्रश्न : बीटल्स १९७० मध्ये फुटले, त्यानंतर त्याने काय केलं? आणि स्वतः संगीतकार म्हणून त्याचं काही आहे का, की फक्त दुसऱ्यांचंच? (एक वाचक, मडगाव)

आहे, भरपूर आहे. बीटल्सच्या पहिल्या सिनेमाच्या संगीतासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, 'यलो सबमरीन' अल्बमची एक अख्खी बाजू त्याच्या वाद्यवृंदाची आहे, १९६७ मध्ये बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं तेव्हा त्या स्टेशनची सुरावट 'थीम वन' ही मार्टिनचीच. आणि १९७३ चा बॉन्डपट 'लिव्ह अँड लेट डाय', त्याचं पार्श्वसंगीत मार्टिनचं. त्यातलं शीर्षकगीत मॅकार्टनीचं, तेही मार्टिननेच प्रोड्यूस केलेलं. ते तयार गाणं घेऊन तो निर्माता हॅरी सॉल्टझमनकडे गेला, सॉल्टझमनने ऐकलं, वा म्हणाला आणि विचारलं, मग आता हे गाणार कोण? त्याला ती नुसती नमुन्याची टेप वाटली! मार्टिनला समजावून सांगावं लागलं की अहो, गायलाय तो पॉल मॅकार्टनी आहे.

बाकी सत्तरचं दशक म्हणजे बघा : अमेरिका नावाच्या ग्रुपचे गोड, गिटारी अल्बम, १९७५ मध्ये जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो', ज्यात गायक नाहीच, सगळी गिटार, आणि १९७४ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'अपोकॅलिप्स', जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार आणि संपूर्ण लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र. हाच मॅकलॉफ्लिन लगेच पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर शक्ती हा ग्रुप घेऊन आला. बीटल्सनंतरचं मार्टिनचं मला सगळ्यात जवळचं काम विचाराल तर 'ब्लो बाय ब्लो'. शब्द नसताना चाळीसेक मिनिटं श्रोत्याला धरून ठेवायचं, आणि व्हायोलिन येतात त्या इतक्या जपून की गिटारला धक्का लागत नाही.

तुम्ही मडगावचे म्हणून एक सांगते. मार्टिनने 'यस्टरडे'ला जे केलं तेच काम मुंबईच्या सिनेमात तुमच्या गोव्याची माणसं त्याच्याही आधीपासून करत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्रांकडे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा, हे लोक ती नोटेशनमध्ये उतरवायचे, व्हायोलिनच्या फौजेला वाटून द्यायचे, मधले तुकडे रचायचे. मराठीत अनिल मोहिल्यांनी संगीत संयोजनात केवढं काम केलंय. फरक एवढाच की मार्टिनचं नाव कव्हरवर छापून आलं आणि या मंडळींपैकी बहुतेकांचं नाही आलं, आणि हे मला आजही लागतं. तुमच्या गावात अशा वादकांच्या घरी जुने हस्तलिखित स्कोअर पडून असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नका, स्कॅन तरी करून ठेवा.

प्रश्न : कॅरिबियन क्रूझवर असताना माँटसेराट बेट लांबून दाखवलं, तिथे मोठा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता म्हणाले. तो मार्टिनचाच का? (एक वाचक, न्यू जर्सी)

त्याचाच. १९७९ मध्ये त्याने तिथे एअर स्टुडिओ बांधला, कल्पना अशी की कलावंताने शहर सोडून यावं, समुद्र समोर, आणि कामाशिवाय दुसरं काही नाही. पोलीस या ग्रुपचे दोन अल्बम तिथे झाले, 'एव्हरी ब्रेथ यू टेक' त्यातलंच, डायर स्ट्रेट्स या ग्रुपच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' अल्बमचं बरंचसं काम तिथलं. दहा वर्षं जेमतेम चाललं आणि १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने बेटच झोडपून काढलं, स्टुडिओ संपला. १९९५ पासून तिथला ज्वालामुखी जागा झाला, राजधानीचं प्लिमथ गाव राखेखाली गेलं, लोकांना घरदार सोडावं लागलं. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या मार्टिनने सप्टेंबर १९९७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बेटासाठी मदतीचा कार्यक्रम घडवून आणला, मॅकार्टनी, एल्टन जॉन, क्लॅप्टन, स्टिंग, मार्क नॉफ्लर सगळे आले. स्टुडिओ गेला म्हणून त्याने बेटाशी नातं तोडलं नाही, पुढे तिथे सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं त्यामागेही तोच.

त्याच महिन्यात प्रिन्सेस डायनाच्या अंत्यसंस्कारानंतर एल्टन जॉनने जे गाणं रेकॉर्ड केलं, जगभर कोट्यवधी प्रती खपल्या, तेही मार्टिननेच प्रोड्यूस केलं. एकच महिना, बघा.

प्रश्न : शेवटी त्याला ऐकू येत नव्हतं म्हणे. मग काम कसं करायचा? मलाही कमी ऐकू येतं, म्हणून विचारते. (एक वाचक, लातूर)

ताई, सत्तरच्या दशकातच त्याच्या लक्षात आलं होतं की वरच्या पट्टीतले बारीक आवाज आपल्याला येईनासे झालेत. तासन्‌तास मोठ्या आवाजात स्पीकरसमोर बसल्याचा हा परिणाम असं तो स्वतः सांगायचा आणि तरुण इंजिनियरांना आवाज कमी ठेवा म्हणून बजावायचा. उतारवयात ते फारच वाढलं, कानाला मशीन लावायचा, ओठ वाचायचा. काम मात्र थांबवलं नाही, मुलगा जाइल्स त्याचे कान झाला. २००६ मध्ये दोघांनी मिळून लास व्हेगासच्या एका सर्कस-नाट्यासाठी बीटल्सच्या मूळ टेपा सुट्या करून नव्याने गुंफल्या, 'लव्ह' या नावाने. त्यात 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'ची हॅरिसनची अगदी साधी, सुरुवातीची आवृत्ती आहे, फक्त आवाज आणि गिटार, आणि तिच्यासाठी मार्टिनने, वय ८०, नवीन तंतुवाद्यांचा स्कोअर लिहिला. हॅरिसन जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ज्याला वाचता-लिहिता येतं त्याला सूर कागदावर पण ऐकू येतात, म्हणून हे जमलं. मला ती आवृत्ती ऐकताना दर वेळी भरून येतं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही कानाच्या डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दाखवा बरं का, नुसतं वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याला म्युझिक प्रोड्यूसर व्हायचंय. दिवसभर लॅपटॉपवर बीट बनवतो. महागडं सॉफ्टवेअर घेऊन मागतोय. घेऊन देऊ का? (एक आई, सातारा)

आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत. आहे त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर अजून बरंच होतं. त्याऐवजी त्याच पैशात एखादं वाद्य घेऊन द्या आणि शिकवणी लावा, पेटी चालेल, व्हायोलिन चालेल, तबला तर उत्तमच, आणि दोन्ही लिपी शिकू दे, आपली भातखंडे पद्धत आणि पाश्चात्य स्टाफ. १७ म्हणजे उशीर अजिबात झालेला नाही, मार्टिन २१ व्या वर्षी विद्यालयात गेला. साताऱ्यात नाटकाची, ऑर्केस्ट्राची, बँडची मंडळी आहेतच, त्यांच्या तालमींना त्याला नुसतं बसू दे, वायरी गुंडाळू दे, चहा आणून देऊ दे. दहा माणसांना एका सुरात कसं आणतात आणि रुसलेल्या गायकाला कसं परत उभं करतात हे लॅपटॉप दाखवत नाही.

आणि त्याला एक गृहपाठ द्या माझ्याकडून. 'अ डे इन द लाइफ' ऐकायला सांगा, दोनदा एक प्रचंड चढत जाणारा गदारोळ येतो तो भाग. फेब्रुवारी १९६७, ४० वादक, २४ मात्राखंड मोकळे सोडलेले. मार्टिनने प्रत्येकाच्या कागदावर सुरुवातीला त्याच्या वाद्याचा सगळ्यात खालचा सूर लिहिला, शेवटी वरचा सूर लिहिला, मध्ये साधारण कुठे पोचायचं तेवढ्या खुणा, आणि त्या शिस्तीत वाढलेल्या वादकांना सांगितलं की आपापल्या वेगाने चढा, शेजाऱ्याचं ऐकू नका. आयुष्यभर शेजाऱ्याशी जुळवून घेत आलेले ते लोक, त्यांना हे पचायला वेळ लागला. मुलाला म्हणावं हेडफोन लाव आणि त्यातलं एकच वाद्य पकडून तळापासून माथ्यापर्यंत त्याच्या मागे जा, मग दुसरं पकड, मग तिसरं. किती पकडता आली ते मला कळवू दे, पुढच्या अंकात त्याच्याशीच बोलते.